शनिवारची मूठ

आमच्या मूल गावात दिवाळी सरली की कोंड्याचे दिवस येतात. राइस मिला सकाळपासून धडधडायला लागतात आणि गावातल्या यच्चयावत वस्तूंवर, सायकलच्या सीटवर, दोरीवरच्या कपड्यांवर, दाराच्या कडीवरसुद्धा बारीक पिवळट भुकटी बसते. मी दिवसातून दोनदा ओटा पुसते आणि तिसऱ्यांदा पुसायचं सोडून देते. तरी खरं सांगते, मला हे दिवस फार आवडतात. गावाकडून दीर नव्या तांदळाचं पोतं पाठवतात. पोत्याचं तोंड सोडलं की जो वास येतो, त्यासाठी माझ्याकडे शब्द नाही. नवा भात चिकट होतो. सुट्टीत आलेली मुलं नाकं मुरडतात. मी मात्र नुसतं मीठ टाकून वाटीभर खाते आणि मग देवाचे आभार मानते. आधी मानायचे असतात, माहीत आहे. पण राहवत नाही.

यंदा हंगामाच्या सणाची तयारी ठरवायला महिला मंडळाची बैठक आमच्याच घरी झाली. हा आमच्या चर्चचा सण. नवं धान, भाज्या, कोंबडी, अंडी, ज्याच्या घरी जे पिकलं ते त्या दिवशी वेदीपुढे आणून ठेवायचं. बैठकीत चहा झाला, पोहे झाले, कामं वाटून झाली. मग स्नेहल नावाची आमची एक नवी सून, वरोऱ्याहून लग्न होऊन आलेली, बँकेत नोकरी करणारी गुणी पोर, मला म्हणाली, "काकू, एक विचारू? रागावू नका. रोज रोज मूठ काढत बसण्यापेक्षा शनिवारी एकदमच किलोभर तांदूळ डब्यात टाकला तर नाही का चालणार? शेवटी तांदूळ तेवढाच होतो ना!"

बाया हसल्या. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी चौतीस वर्षं शाळेत मास्तरकी केली आहे आणि माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असतं, अशी माझी ख्याती आहे. पण त्या दिवशी मी नुसतं "सांगते नंतर," म्हणाले आणि कपबशा उचलायला लागले. तेच आता लिहायला बसले आहे.

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी ती सांगते. आमच्या मंडळीत तीसेक घरं आहेत आणि प्रत्येक घरात एक मुठीचा डबा असतो. बाई स्वयंपाकाला तांदूळ घेते, सुपात पाखडते, खडे निवडते आणि धुण्याआधी त्यातली एक मूठ काढून डब्यात टाकते. टाकताना एका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करायची, दोन वाक्यांची, लांबण लावायची नाही. रविवारी सगळे डबे चर्चमधल्या मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, रिकामे होतात आणि तो तांदूळ मंडळीतल्या तीन-चार निराधार बायांकडे जातो. तांदूळ निवडल्यावरच मूठ काढायची, आधी नाही. आपल्या घरच्यांच्या दाताखाली खडा येऊ नये, तसा त्यांच्याही येऊ नये, एवढा साधा त्यातला हिशोब.

ही रीत मी आईकडून घेतली. आई धानोऱ्याकडच्या एका खेड्यातली. सकाळी अजून चुलीचा धूर घरभर असायचा, कोंबड्या पायात यायच्या, आणि ती सूप मांडीवर घेऊन बसलेली असायची. मूठ उचलली की ओठ हलायचे. शेजारच्या यशोदाबाईशी तिचं कुंपणावरून भांडण होतं, चांगलं वर्षभर चाललेलं. तरी तिचंही नाव घ्यायची, पण दात-ओठ खात. "देवा, त्या यशोदेचं भलं कर. पण आधी तिले अक्कल दे." आम्ही पोरं हसून हसून लोळायचो. आता वाटतं, माझ्या आईइतकी खरी प्रार्थना मी आयुष्यात चार वेळासुद्धा केली नसेल.

मला आठवतो तो हंगाम पंधरा वर्षांपूर्वीचा. यांची बदली गडचिरोलीला झालेली, हे शनिवारी संध्याकाळी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. मोठीची दहावी, धाकट्याचे टॉन्सिल, माझी शाळा आणि वर दोन खोल्यांचं बांधकाम काढलेलं. गवंडी आला की रेती नाही, रेती आली की गवंडी नाही. त्यात महिला मंडळाची सचिव मीच. घरोघरी जाऊन मुठीचे डबे नीट भरतात की नाही ते पाहायचं काम माझ्याकडे! एखादीचा डबा हलका दिसला की मी म्हणायचे, "काय हो शालूबाई, घरात सात माणसं आणि मूठ चिमणीची?" ती बिचारी शरमायची. माय वं, आता आठवलं की माझंच तोंड लपवावंसं वाटतं.

कारण माझी स्वतःची मूठ केव्हाच सुटली होती.

एका दिवसात सुटली असती तर मला कळलंही असतं. आधी सुटलं ते नाव. धान रोवणीचे दिवस होते, शाळा सुरू झालेली, सकाळी तांदूळ निवडताना मी मनात भाजीचा, गवंड्याच्या चहाचा, धाकट्याच्या औषधाचा विचार करायची. मूठ डब्यात पडायची आणि ओठ मिटलेलेच राहायचे. मग कधीतरी मूठच राहून गेली. म्हटलं, संध्याकाळी दोन टाकू. संध्याकाळी राहिली, तर उद्या चार टाकू. मग एका शनिवारी डबा पाहिला तर तळ दिसत होता, आणि मी तर सचिव! पोत्यातून मापटंभर तांदूळ घेतला आणि ओतला डब्यात. रविवारी डबा सगळ्यांपेक्षा भरलेला. कुणाला काही कळलं नाही. पुढच्या शनिवारी तर आठवणही करावी लागली नाही, हात आपोआप पोत्याकडे गेला. निवडलेला वगैरे काही नाही. वेळ कुठे होता?

गंमत पाहा, त्याच पावसाळ्यात पाळकसाहेबांनी उपासनेत उभं राहून माझं नाव घेतलं. घर, नोकरी, बांधकाम सांभाळून सरोजबाई प्रभूची सेवा कशी करतात ते पाहा, म्हणाले. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. मलाही तो विनयच वाटला, ही तर खरी पंचाईत.

मी काही पाप केलं नव्हतं. चोरी नाही, चहाडी नाही, रविवार चुकवला नाही. गाणी तर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणायची. पण रात्रीच्या जेवणाआधीची घरातली प्रार्थना हळूहळू आखूड होत गेली. आधी वचन वाचणं गेलं, मग गाणं गेलं, मग नुसतं "प्रभू, या अन्नाला आशीर्वाद दे, आमेन" राहिलं आणि आमेन म्हणेपर्यंत धाकट्याच्या तोंडात घास गेलेला असायचा. मुलांवर ओरडणं वाढलं. गवंड्यावर ओरडणं वाढलं. कुणाच्या घरी दुखणं आहे असं कळलं की पूर्वी पोटात कालवायचं, आता मनात पहिला विचार यायचा, जाऊन यावं लागेल, एक तास जाईल. हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आलं आणि मी म्हटलं, स्लॅब पडू दे, मग बघू.

आमचे दीर मधुकरभाऊजी धानाची शेती करतात. बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, पाणी धरलं की ते रोज सकाळी फावडं घेऊन धुऱ्या-धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधावरून, एक चक्कर मारतात. पाऊस असो, ताप असो. मी एकदा म्हटलं, "भाऊजी, पाळ तर चांगली मजबूत आहे, रोज काय पाहता?" ते हसले. म्हणाले, "वैनी, पाळ फुटली तं सारं गाव धावते. खेकड्याचं भोक कोणाले दिसत नाई. बोटाएवढं राह्यते, आवाजबी नाई करत. चार दिवस गेलं नाई का बांधी कोरडी, अन् धान उभंच्या उभं पिवळं." मी तेव्हा मान डोलावली होती. मास्तरणीला दुसऱ्याचे धडे पटकन समजतात.

आता रूथबाईंबद्दल सांगते. गावाच्या कडेला तलावाजवळ ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची वस्ती आहे, तिथे एका खोलीत त्या एकट्या राहायच्या. सत्तरी ओलांडलेली, कमरेत वाकलेली, तोंडात मोजून पाच दात. मुठीचा तांदूळ ज्या घरांत जायचा त्यातलं एक घर त्यांचं. आणि त्या आलेल्या तांदळातूनही रोज एक मूठ काढून आपला डबा भरायच्या, रविवारी पदराआड धरून आणायच्या. त्यांचा मुलगा दानियेल मिरची तोडायला तेलंगणात गेला होता. इकडची पुष्कळ माणसं उन्हाळ्याच्या तोंडाला जातात आणि परत येतात. तो दोन वर्षं आला नव्हता. फोन नाही, निरोप नाही. रूथबाईंनी मला एकदा हात धरून सांगितलं होतं, "बाई, तुमच्या मुठीत माझ्या दानियेलचं नाव ठेवा. मी सकाळी घेतो, तुमी संध्याकाळी घ्या. दोघी असल्या तं बरं." मी म्हटलं होतं, ठेवते. आणि खरंच ठेवलं होतं, सुरुवातीला.

दर रविवारी उपासना सुटली की त्या चपला शोधत शोधत माझ्यापाशी यायच्या. "सलाम बाई. नाव घेता नं माझ्या पोराचं?"

"घेते हो, रोज घेते," मी म्हणायची.

किती रविवार म्हणाले असेन! आठवत नाही, हीच शरम आहे. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळली होती, तेवढं मात्र आठवतं. नंतर अडखळली नाही.

रूथबाई जाऊन आता नऊ वर्षं झाली. दानियेल त्या हंगामानंतर दीड वर्षानं परत आला, आजारी, हडकलेला, पण आला, आणि आईला मूठमाती त्यानंच दिली. हे आधीच सांगून टाकते, कारण मी काही चमत्काराची साक्ष द्यायला बसलेली नाही. तो कुणाच्या प्रार्थनेनं आला ते देवाला माहीत, माझ्या प्रार्थनेनं आला असं म्हणायची माझी छाती नाही. मला सांगायचे आहेत ते रूथबाईंचे उपकार. मला वाटतं, त्या हंगामात त्यांनी मला धरलं नसतं तर मी आजही चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत असते, सचिवाची अध्यक्षही झाले असते, आणि आतून कोरडी ठक्क. कुणाला कळलं नसतं. मलासुद्धा नाही.

आता मूठ कधीच चुकत नाही असं म्हणणार नाही. चुकते, माणूस आहे. पण चुकली की दुसऱ्या दिवशी दोन टाकत नाही. एकच टाकते, नाव घेऊन. गेलेला दिवस गेला म्हणून सांगते देवाला, तोंडानं सांगते. तेवढं सांगायची लाज वाटली तर समजावं की कुठंतरी भोक पडलं आहे.

तर रूथबाईंनी मला धरलं तो दिवस. कापणी संपत आली होती, बांधीबांधीतून धानाच्या भाऱ्यांचे उंच पुंजणे उभे राहिले होते आणि तलावाकाठच्या रस्त्यानं बैलगाड्या, ट्रॅक्टर सारखे चालले होते. शाळेला सुट्टी होती. हंगामाच्या सणात वयोवृद्ध बाईनं उपकारस्तुतीची प्रार्थना करावी असं ठरलं, म्हणून मी रूथबाईंना सांगायला त्यांच्या घरी गेले. गेल्या सहा महिन्यांत पहिल्यांदा गेले, हेही लिहून ठेवते.

त्या अंगणात उन्हात बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तांदूळ, आणि नाक पार तांदळाला टेकेल इतक्या वाकून खडे वेचत होत्या. बाजूला पत्र्याच्या झाकणात खडे, धानाचे न सोललेले दाणे, एक-दोन मेलेले किडे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. बोटांनी चाचपून चाचपून चाललं होतं काम.

"अवो बाई, या नं, बसा," त्यांनी पोतं सारलं.

मी पाहिलं आणि माझ्यातली सचिव जागी झाली. "रूथबाई, हा मुठीचाच तांदूळ ना? एवढे खडे? हे कोणत्या घरचं काम आहे? थांबा, मी येत्या बैठकीत चांगलं सुनावते!"

"राहू द्या नं बाई. कोणी घाईत असन."

"घाईत म्हणून काय झालं? म्हाताऱ्या माणसाला असा तांदूळ द्यायचा? लाज नाही वाटत?" असं म्हणत मी सुपात हात घातला आणि तांदूळ पसरला. माझ्या बोटांना एक सुकलेलं पान लागलं. लांबट, टोकदार, मागून पांढुरकं. निर्गुडीचं पान.

इकडे सगळ्या घरी तांदळात कडुनिंबाचा पाला टाकतात. निर्गुडी टाकायची ती माझी आई, आणि तिच्यामागे मी. एकदा रूथबाई आमच्याकडे आल्या होत्या तेव्हा त्या पानांचा वास त्यांनी कौतुकानं घेऊनही पाहिला होता. निवडलेल्या तांदळात पान राहत नाही. ते यायचं तर थेट पोत्यातूनच.

माझ्या कानशिलांतून गरम वाफ निघाली. पान हातातच राहिलं. रूथबाईंनी वर पाहिलं नाही. सूप जरा हलवलं आणि म्हणाल्या, "मले माहीत हाये बाई. रोवण्यापासून येऊन राह्यलं. म्हटलं, सरोजबाईच्या मागं लई दगदग लागली दिसते. एरवी त्यायचा तांदूळ तं मोत्यावाणी." मग झाकणातला एक खडा उचलून दाखवला. "एक खडा सापडला का तुमचं नाव घेऊन राह्यली मी. देवा, त्या बाईले सांभाळ. लई झाले खडे, तं लई वेळ झाली प्रार्थना. मले का काम हाये दुसरं?"

मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले. रडू आवरेना. चार महिने मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं, आणि या बाईनं दाताखाली खडा आला तरी तक्रार न करता माझं नाव घेतलं होतं, दिवसातून कितीदा तरी. पदर डोळ्यांना लावून हुंदके देत होते आणि त्या माझी पाठ चोळत होत्या. "अगा बाई, खड्यायचं का एवढं? काई नाई होत. रडू नका."

तिथंच थांबले असते तर चाललं असतं. त्यांनी माफ केलं होतं, मी रडले होते, आम्ही चहा प्यालो असतो आणि मी हलकी होऊन घरी आले असते. पण त्यांचा हात पाठीवरून फिरत होता आणि मला कळत होतं की हा हात माझं खोटं ठाऊक नसताना फिरतो आहे. खडे त्यांना सापडले होते. दुसरं सापडलं नव्हतं.

"रूथबाई," मी म्हटलं, "मी दानियेलचं नाव घेत नाही. रोवण्यापासून घेतलंच नाही. तुम्ही दर रविवारी विचारलं आणि मी खोटं सांगितलं."

पाठीवरचा हात थांबला. मग निघाला. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, धानाच्या भाऱ्यांनी भरलेला. मी त्यांच्याकडे पाहायची हिंमत केली नाही.

"म्हणजे मी एकटीच होतो," त्या म्हणाल्या. "मले वाटे, आपण दोघी आहो."

आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी शिव्या दिल्या आहेत, अधिकाऱ्यांनी दिल्या, पालकांनी दिल्या. त्या वाक्यासारखं काही लागलं नाही. मी उठायला लागले. मनात आलं, आता या घरात बसायचा आपला हक्क संपला.

"कुठी चालली?" रूथबाई म्हणाल्या. कधी नव्हे ते त्यांनी मला एकेरी हाक दिली होती. "बस खाली, पोरी."

मी बसले. त्यांनी आतून एक ताट आणायला लावलं, सुपातला अर्धा तांदूळ त्यात ओतला आणि माझ्यापुढे सारला. आम्ही दोघी निवडायला लागलो. मग त्या तांदळावरची नजर न काढता म्हणाल्या, "त्याच्या डाव्या भिवईवर वण हाये. लहानपणी तलावाच्या पाळीवरून पडला होता, गोट्यावर. लई रगत गेलं होतं. तो वण मनात आन, मंग नाव घे. नुसतं नाव घेतलं तं सुटते."

मी डोळे मिटले. दानियेलला मी दोन-तीनदाच पाहिलं होतं, चेहराही धड आठवत नव्हता. पण ती रक्तानं भिजलेली भिवई आणि त्या पोराला उचलून धावणारी त्याची आई मला स्पष्ट दिसली. मी ओठ हलवले.

"मनात नको," रूथबाई म्हणाल्या. "मोठ्यानं घे. मले ऐकू आलं पायजे."

मी मोठ्यानं घेतलं.